कुत्र्याचा कान बरा होतो आणि परत बिघडतो: ॲलर्जी आणि खाण्याकडं कसं बघायचं

लॅब्राडॉर, गोल्डन, कॉकर, पग यातलं काही घरी असेल तर हे चक्र तुमच्या ओळखीचं असणार. कुत्रं डोकं झटकायला लागतं, मागच्या पायानं कान खाजवतं, जवळ घेतलं की आंबूस वास येतो, व्हेटकडं नेलं की ड्रॉप्स मिळतात, आठवड्याभरात कान चकाचक आणि महिना दीड महिना गेला की परत तेच. मग लोक फ्रीजवर ठेवलेली मागची अर्धी बाटली काढतात, ती संपली की मेडिकलमध्ये रिकामी बाटली दाखवून दुसरी आणतात, ती लागू पडली नाही की शेजारच्याच्या कुत्र्याला जी लागू पडली ती आणतात. वर्षभर हे असंच चालतं आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना वाटतं की ड्रॉप्स हलके दिले.

ड्रॉप्स हलके नसतात ओ. ड्रॉप्सनं इन्फेक्शन मारलं जातं, पण इन्फेक्शन आलं कशामुळं ते तसंच राहतं. कानाच्या आतली नळी म्हणजे शेवटी कातडीच. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याची ती कातडी सुजते, गरम होते, मळ जास्त धरते, आणि एरवी तिथं गुपचूप राहणारं यीस्ट आणि बॅक्टेरिया माजतात. त्यात कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नाही, आधी खाली उतरते आणि मग आडवी आत वळते, त्यामुळं आतला ओलावा आणि घाण आपोआप बाहेर यायला वावच नाही. लोंबत्या कानाला वरनं झाकण पण आहे. पण ॲलर्जी असेल तर कुठल्याही जातीचा कान बिघडतो, गावठी असो नाहीतर चाळीस हजाराचा असो.

आता क्रमानं काय बघायचं ते सांगतो.

आधी एक कान की दोन्ही?

एकच कान, तो पण अचानक, काल फिरून आल्यापासनं डोकं एका बाजूला धरून झटकायलाय, असं असेल तर ॲलर्जीबिलर्जीचा विचार नंतर. कुसळ गेलं असेल. पावसाळा संपता संपता माळाचं गवत वाळायला लागतं तेव्हा ही कुसळं कानात शिरतात आणि त्यांची रचनाच अशी की पुढंच सरकतात, मागं येत नाहीत. गोचीड असेल, क्वचित आत गाठ असते. हे घरी दिसत नाही, व्हेटनं ऑटोस्कोप (कानाच्या आत बघायचं दिव्याचं साधन) घालूनच बघायला लागतं.

लहान पिल्लू, दोन्ही कानात कोरडा काळपट भुगा आणि खाज भयंकर, तर कानातले माइट्स, म्हणजे बारीक किडे, असू शकतात. ते एकमेकांना लागतात, घरात दुसरं कुत्रं-मांजर असलं तर त्यांना पण औषध लागतं, नाहीतर एकाचा बरा होतो तोवर दुसऱ्याचा चालू.

मोठं कुत्रं, दोन्ही कान, परत परत, तर ॲलर्जी सगळ्यात आधी डोक्यात ठेवायची. वयस्कर कुत्रं असेल, वजन वाढलंय, सुस्त झालंय, केस विरळ झालेत तर थायरॉइडची पण तपासणी करून घ्या, त्यानं पण कान बिघडतात.

स्लाइड केल्याशिवाय ड्रॉप्स नको

मी सगळ्यात जास्त जोर यावर देतो. तपकिरी मेणासारखा मळ आणि आंबूस वास असला तर बहुतेक यीस्ट, पिवळा-हिरवट पू आणि कान हात लावू देत नाही इतका दुखतोय तर बॅक्टेरिया, असा ढोबळ अंदाज बांधता येतो पण अंदाज तो अंदाजच. कापसाची काडी कानात फिरवायची, ती काचेच्या पट्टीवर लोळवायची, रंगात बुडवायची, धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची, स्लाइड म्हणजे एवढंच काम आहे, दहा मिनिटांचं. आमच्या डॉक्टरांनी एकदा मला पण भिंगातनं बघायला दिलं, जांभळे जांभळे ठिपके आणि प्रत्येक ठिपका कमरेत आवळलेला, थेट दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग. ते यीस्ट. त्याचं नाव मॅलासेझिया, त्याला ॲंटिबायोटिक कितीही घाला काही होत नाही, बुरशीचं औषध लागतं. आणि लांबट दांड्यांसारखे बॅक्टेरिया दिसले तर कल्चर (कुठला बॅक्टेरिया आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल ते बघायची टेस्ट) करून घ्यावं लागतं, कारण त्यातले काही, स्युडोमोनास वगैरे, नेहमीच्या ॲंटिबायोटिकला दाद देत नाहीत.

ज्यांच्याकडं मायक्रोस्कोप नाही ते डॉक्टर वाईट असं मी म्हणत नाही, खेड्यापाड्यात दिवसभर म्हशी-गाई बघून रात्री कुत्रं बघणारे डॉक्टर पण आहेत. पण तिसऱ्यांदा कान बिघडला तर स्लाइड जिथं होते तिथं न्या.

दुसरी गोष्ट पडद्याची. कानाचा पडदा फाटलेला असेल आणि वरनं जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे ड्रॉप्स घातले तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, क्लोरहेक्सिडिनचं पण तसंच. म्हणून पडदा बघितल्याशिवाय घरातले जुने ड्रॉप्स घालायचे नाहीत.

आणि कोर्स अर्धवट सोडायचा नाही. कान बाहेरनं स्वच्छ दिसला म्हणजे आडव्या नळीत पण स्वच्छ आहे असं नसतं, बंद करायच्या आधी परत स्लाइड करायची, ती साफ आली की मग थांबायचं. डोस पण नीट विचारून घ्या. लॅबचा कान केवढा, पॉमेरेनियनचा केवढा, दोघांना चार चार थेंब कसे पुरतील.

घरगुती उपाय

आपण पडलो सांगलीचे, त्यामुळं हळद प्रत्येक गोष्टीवर. हळद आणि खोबरेल तेल कोमट करून कानात सोडणारे मला दर महिन्याला भेटतात. हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही पण तेल त्या वळलेल्या नळीत जाऊन बसतं, वरनं हळदीचा गाळ, आणि व्हेटला आत काही दिसत नाही, सगळं पिवळं. लसणीचं तेल तर नकोच, लसूण-कांदा कुत्र्याला विषच आणि ते पंजानं पुसून चाटणार. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर सुजलेल्या कानात घालणं म्हणजे जिवंत कातडी जाळणं, एकदा तसं केलं की पुढं ते कुत्रं कानाला हात लावू देत नाही आणि खरे ड्रॉप्स घालायची पंचाईत. इअरबड पण नको, त्यानं मळ बाहेर येत नाही, आत ढकलला जातो.

साफ करायचं तर कुत्र्याचं इअर क्लीनर आणायचं. कानाची पाळी वर धरायची, नळी भरेल इतकं ओतायचं, बाटलीचं तोंड आत खुपसायचं नाही, मग कानाच्या बुडाशी खाली जिथं कडक नळी हाताला लागते तिथं अर्धा मिनिट चोळायचं. आतनं पचपच आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर औषध कमी पडलंय. मग सोडून द्यायचं आणि आपण लांब व्हायचं कारण ते डोकं झटकणार आणि भिंतीवर नक्षी होणार, आमच्याकडं हे काम फक्त मोरीत चालतं. नंतर बोट जाईल तेवढंच कापसानं पुसायचं. औषधाचे ड्रॉप्स असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबून. बऱ्या कानाला रोज रोज धुवायची गरज नाही, उलट ओलं राहून बिघडतो. कान दुखत असेल, कुत्रं कळवळत असेल तर घरी साफ करत बसू नका.

ॲलर्जी आहे हे ओळखायचं कसं

फक्त कान बघू नका, पाय बघा. पंजे सारखे चाटतंय, बोटांच्या मधले पांढरे केस लालसर-तपकिरी झालेत (लाळेनं होतात), तोंड सोफ्याला घासतंय, काखेत-जांघेत लाल आहे, ढुंगण जमिनीवर घासतंय पण जंत नाहीत. यातली दोन-तीन लक्षणं असली तर कान हा त्याच साखळीतला. पण काही कुत्र्यांना ॲलर्जीत फक्त कानच होतो, बाकी अंग ठणठणीत, हे पण लक्षात ठेवा.

मग ॲलर्जी कशाची? हवेतली-धुळीतली जास्त आढळते, म्हणजे परागकण, घरातल्या धुळीतले माइट्स, बुरशी. आपल्याकडं रस्त्याकडंला गाजरगवत माजलेलं असतंच. ही बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि सुरुवातीला ठरावीक ऋतूत त्रास देते. पिसवांची वेगळी, ती पाठीच्या खालच्या भागाला, शेपटीच्या बुडाला जास्त. खाण्याची ॲलर्जी ऋतू बघत नाही, बारा महिने, आणि कधी कधी सोबत पोट पण बिघडलेलं असतं, दिवसातनं चार वेळा शी, गॅस.

आता आमचं कुत्रं, ब्रुनो. लॅब, राहायला विश्रामबागला, पाण्याचं वेड, हरिपूरला संगमावर नेलं की पट्टा सोडायच्या आधी उडी. त्यामुळं सगळे म्हणायचे पाणी जातंय कानात म्हणून होतंय. पोहणं बंद केलं, कान तरी बिघडायचाच. उन्हाळ्यात पण. तेव्हा डॉक्टर म्हणाले खाण्याची ट्रायल करून बघू.

खाण्याची ट्रायल, आणि ती घरात कशी फसते

पहिली गोष्ट, 'इतकी वर्षं हेच खातोय, मग आत्ताच कशी ॲलर्जी' हे सगळे विचारतात. ॲलर्जी नवीन खाण्याची नसते, शरीराला जे वारंवार भेटलंय त्याचीच होते, वर्षानुवर्षं खाल्लेल्याची सुद्धा.

दुसरी, 'धान्य बंद करा, ग्रेन-फ्री घ्या' हा सल्ला. धान्यापेक्षा प्राणिजन्य प्रथिनांची ॲलर्जी जास्त सापडते. २०१६ साली खाण्याची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात बीफ ३४ टक्के, दूध-दुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असं निघालं. त्या नोंदी बहुतांश बाहेरच्या देशातल्या, तिकडच्या खाण्यावर बेतलेल्या. आपल्याकडच्या कुत्र्याचं ताट आठवा, चिकन-भात, दूध-चपाती, दही-भात, वरनं बिस्कीट. यादीतल्या चारपैकी तीन वस्तू रोजच्याच आहेत.

रक्ताची, केसांची, लाळेची खाण्याच्या ॲलर्जीची टेस्ट मिळते, त्यात पैसे घालवू नका, भरवशाची नाही. खात्रीचा उपाय एकच, ट्रायल. म्हणजे कुत्र्यानं आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिठूळ पदार्थ निवडायचा आणि कमीत कमी आठ आठवडे त्याशिवाय तोंडात काहीही जाऊ द्यायचं नाही. बहुतेक कुत्र्यांचा फरक तेवढ्यात दिसतो, काहींना बारा आठवडे लागतात. किंवा तयार हायड्रोलाइज्ड खाणं घ्यायचं, ज्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते ओळखतच नाही. हे महाग पडतं, मोठ्या कुत्र्याला तर फारच, पण काम सोपं होतं. साध्या दुकानातलं 'लॅम्ब' लिहिलेलं पाकीट ट्रायलला चालत नाही, मागची बारीक अक्षरं वाचा, चिकन फॅट, चिकन मील सापडतंच.

आम्ही मासा आणि रताळं धरलं कारण ब्रुनोनं मासा कधी खाल्ला नव्हता. रोहू, कटला, उकडून, काटे एक एक काढून, मीठ-मसाला काही नाही. ज्याचं कुत्रं मासे खातंच त्यानं मटण बघावं, तेही खात असेल तर डॉक्टरांना विचारून तिसरं काहीतरी. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला असलं घरचं दोनच पदार्थांचं खाणं परस्पर सुरू करू नका, त्यात कॅल्शियम वगैरे कमी पडतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने निभतं पण कायमचं नाही. शिजवलेली हाडं कुणालाच नाही.

वेळ पण बघून ठरवा. आमच्याकडं श्रावणात घरात वशाट शिजत नाही, गणपतीत तर प्रश्नच नाही, म्हणून दिवाळी झाल्यावर सुरू केलं. आणि सुरू करायच्या आधी कानातलं इन्फेक्शन औषधानं पूर्ण साफ करून घेतलं. इन्फेक्शन तसंच ठेवून नुसतं खाणं बदललं तर कान बरा होत नाही आणि लोक म्हणतात ट्रायल फेल.

खरी लढाई स्वयंपाकघरात. आमच्या आईचा नेम आहे, पहिली चपाती गाईला, शेवटची कुत्र्याला. चाळीस वर्षांचा नेम. तिला सांगितलं तर म्हणाली, "एका घासानं काय हुतंय रे? मुकं जनावर, आशेनं बघतंय." एका घासानंच होतं हे तिला पटवायला मला जमलं नाही, शेवटी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा पटलं. मग तडजोड अशी निघाली की शेवटची चपाती गल्लीतल्या काळ्याला, आणि ब्रुनोला त्याच वेळी उकडलेल्या रताळ्याची फोड. नेम मोडला नाही आणि ट्रायल पण मोडली नाही. तुमच्याकडं असं कोणी असेल तर भांडू नका, हातात द्यायला काहीतरी द्या.

बाकीच्या गळत्या पण सांगतो. शेजारच्या काकू गेटमधनं बिस्कीट देतात, वॉचमन मामा चहात बुडवून टोस्ट देतात, लहान पोरांच्या हातातनं भडंग सांडतं (त्यात लसूण पण असतो). मांजराची वाटी. गोळी भरवायला लावलेलं लोणी किंवा पेढा. आणि जे कुणाच्या डोक्यात येत नाही ते म्हणजे चवीच्या गोळ्या, गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळ्या, जंताच्या फ्लेवरवाल्या गोळ्या, कॅल्शियमची हाडाच्या आकाराची बिस्किटं. त्यात मांसाची किंवा सोयाची चव असते. डॉक्टरांना सांगून तेवढ्या काळापुरतं बिनचवीचं किंवा मानेवर लावायचं औषध घ्या. चघळायला रॉहाइड दिलंत तर ते पण जनावराचं कातडंच.

बक्षीस म्हणून काही द्यायचंच तर त्याच माशाचा किंवा रताळ्याचा तुकडा. आणि बेदाणे नकोत, ट्रायल असो नसो. तासगावचे पाहुणे आले की मूठभर बेदाणे कुत्र्यापुढं टाकतात प्रेमानं, पण द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

कान बरा झाला म्हणजे सिद्ध झालं का? नाही

ट्रायलमध्ये ब्रुनोचा कान छान राहिला. पण थंडी होती, हवा कोरडी, पोहणं बंद, कान तसाही सुधारला असता. म्हणून जुनं खाणं परत द्यायचं असतं, मुद्दाम. हे करायला कुणाचा हात होत नाही पण केल्याशिवाय कळत नाही. एका वेळी एकच पदार्थ, दोन आठवडेपर्यंत, आणि रोज कान-पंजे बघायचे. खाज सुरू झाली की लगेच बंद, परत ट्रायलच्या खाण्यावर, शांत झालं की पुढचा पदार्थ.

आम्ही आधी चपाती दिली. काही नाही. दूध, काही नाही. चिकन दिलं आणि त्याच आठवड्यात पंजे चाटणं सुरू, कान आतनं लाल आणि गरम, वास यायच्या आतच थांबवलं. म्हणजे चिकन. चपातीवर काही नाही म्हटल्यावर आई दोन दिवस घरात सगळ्यांना सांगत फिरत होती, "मी म्हटलं हुतं की." काळ्याला आता पण चपाती जाते, त्याला सवय लागली.

चिकन बंद म्हणजे चिकनचं सूप, चिकनचं डॉगफूड, चिकनच्या चवीची गोळी सगळं बंद. अंडं काही कुत्र्यांना चालतं, काहींना नाही, ते वेगळं तपासा.

ट्रायलनं फरक पडलाच नाही तर

मग हवेतल्या-धुळीतल्या ॲलर्जीकडं वळायचं, आणि हे ट्रायल वाया गेली असं समजू नका, एक दार बंद झालं. ही ॲलर्जी बरी होत नाही, सांभाळावी लागते. खाज कमी करायच्या गोळ्या आहेत, ऑक्लासिटिनिबसारख्या, एक वर्षाच्या वरच्या कुत्र्यांना. स्टिरॉइड थोडे दिवस उपयोगी, सुजलेली नळी उघडायला तर लागतंच, पण महिनोन् महिने देऊन मोकळं व्हायचं नाही, भूक, लघवी, वजन सगळं वाढतं आणि पुढं यकृताचं दुखणं. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे-पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. पोहणारं कुत्रं असेल तर पोहून झाल्यावर कान वाळवणारं क्लीनर. आणि अशा कुत्र्यांना कान चांगला असताना पण ठरावीक दिवसांनी क्लीनर लागतं, किती दिवसांनी ते तुमचे डॉक्टर कान बघून ठरवतील. दोन्ही ॲलर्ज्या एकत्र असलेली पण कुत्री असतात, त्यांना खाण्यानं अर्धा फरक पडतो.

वाट बघायची नाही अशी लक्षणं

डोकं एका बाजूला कललंय आणि सरळ होत नाही, चालताना झोक जातोय, डोळे फिरतायत, तर त्रास आतल्या कानापर्यंत गेलाय, त्याच दिवशी न्या. कानाची पाळी फुगून पाण्याच्या फुग्यासारखी झाली तर डोकं झटकून झटकून आत रक्त साकळलंय, घरी सुईनं टोचू नका. आणि वर्षानुवर्षं दुखून कानाची नळी हाताला दगडासारखी लागत असेल तर ड्रॉप्स आत पोचतच नाहीत, तिथं ऑपरेशनचा विषय निघतो. तेवढ्यापर्यंत गेलं असेल किंवा इथं निदान लागत नसेल तर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्या सांगलीकरांना त्यातल्या त्यात जवळ, हायवेलाच आहे. आधी फोन करून विचारून जा, आणि जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ड्रॉप्सच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, आणि कुत्रं काय काय खातं त्याची खरी यादी सोबत न्या. यादीत आईचं-आजीचं पण विचारून लिहा, आणि त्या दिवशी सकाळी कान साफ करून नेऊ नका, आतला मळच तिथं बघायचा असतो.